पंधराव्या पानावरचा कोश

मी लहान मुलांसाठी चित्रपुस्तके लिहिते आणि त्यांतली चित्रेही स्वतःच काढते. गेल्या पावसाळ्यात फुलपाखराच्या जीवनचक्रावरचे माझे पुस्तक जवळजवळ पूर्ण झाले होते. चोवीस पाने, जलरंगातली चित्रे आणि प्रत्येक पानावर दोन-तीन ओळींचा मजकूर असे त्याचे स्वरूप होते. प्रकाशकांना ते दिवाळीपूर्वी बाजारात आणायचे होते. छपाईला जाण्याआधी पुस्तकाची डमी घेऊन एखाद्या शाळेत जायचे आणि ती मुलांना वाचून दाखवायची, असा माझा जुना शिरस्ता आहे. आपल्याला सुंदर वाटलेले वाक्य मुलांच्या कानांवर कसे पडते, हे तिथे पाच मिनिटांत कळते. त्या शिरस्त्याप्रमाणे श्रावणातल्या एका सकाळी मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत गेले. पहिली ते चौथीची मिळून एकोणीस मुले त्या शाळेत होती.

पुस्तकासाठी मी राणी पाकोळीची निवड केली होती. हिलाच नीलवंत असेही म्हणतात आणि इंग्रजीत ब्ल्यू मॉरमॉन हे तिचे नाव आहे. महाराष्ट्राने २०१५ साली तिला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असे राज्य फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले ठरले. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर भरणारे, मखमली काळ्या पंखांवर फिकट निळा पट्टा मिरवणारे हे फुलपाखरू कोकणातल्या मुलांनी परसात पाहिलेले असते, पण त्याचे चित्र त्यांना पुस्तकात सापडत नाही. पुस्तकांत बहुधा कुठल्याच देशात नसलेले, लाल-पिवळ्या ठिपक्यांचे एक सरधोपट फुलपाखरू असते. आपले पुस्तक तसे होऊ द्यायचे नाही, असे मी ठरवले होते, आणि म्हणूनच त्या दिवशी जे घडले ते मला फार लागले.

पडवीत सतरंजी घालून मुले बसली होती. मोठ्या बाई मागे खुर्चीवर होत्या. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती आणि कौलांच्या पागोळ्या अजून थांबल्या नव्हत्या. मी वाचायला सुरुवात केली. मादी लिंबाच्या कोवळ्या पानावर एकेकटे, मोहरीएवढे, गोल अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि सगळ्यांत आधी आपल्याच अंड्याचे कवच खाते. या पानावर दोन मुले पुढे सरकली. पुढच्या पानावर लहान वयाची अळी होती. या वयात ती काळपट तपकिरी असते आणि अंगावर पांढरा डाग असल्यामुळे पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. तिला खायला टिपणारा पक्षीच फसून पुढे निघून जातो. चौथीतल्या एका मुलाने ते चित्र पाहून लगेच सांगितले, की अशी घाण त्यांच्या कढीपत्त्यावर असते आणि आजी ती झटकून टाकते. ती घाण नसून अळी आहे हे कळल्यावर तो इतका गंभीर झाला, की मला वाचन क्षणभर थांबवावे लागले.

मग हिरवी, जाडजूड, शेवटच्या वयातली अळी आली. चार वेळा कात टाकल्यानंतरचे हे तिचे रूप. डिवचल्यावर ती डोक्यामागून दुभंगलेले लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, हे मी चित्रात दाखवले होते. “हेका बोट लावला काय शिंगा काढता,” असे एकाने माझ्या आधीच जाहीर केले आणि बाकीच्यांनी नाके दाबून तो वास पडवीभर पसरवला. इथपर्यंत सारे माझ्या मनासारखे चालले होते.

चौदाव्या आणि पंधराव्या पानावर मिळून एकच मोठे चित्र होते. लिंबाची फांदी, काटे, खाल्लेली पाने आणि फांदीला उलटा लोंबणारा कोश. पोपटी रंगाचा, नितळ, वरच्या बाजूला सोनेरी ठिपक्यांची ओळ असलेला. पुस्तकातले माझे सर्वांत आवडते चित्र हेच होते. त्या सोनेरी ठिपक्यांवर मी दोन दिवस घालवले होते. खाली मजकूर होता: “अळी फांदीला उलटी लटकली आणि झोपी गेली.”

पान उघडले आणि पुढच्या रांगेतली तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, ह्यो कोश हिचो नाय.”

तिचा आवाज मोठा नव्हता. मला आधी वाटले, ऐकण्यात चूक झाली असावी. मी विचारले, “मग कोणाचा?”

“रुयवरच्या अळीचो. हिचो कोश वर तोंड करून बसता. वायरमन पट्टो बांधून खांबार उभो रवता ना, तसो.”

मोठ्या बाई तिला गप्प करायला निघाल्या होत्या. मी त्यांना हाताने थांबवले, कारण तोपर्यंत माझ्या लक्षात आले होते की मुलगी बरोबर बोलत आहे. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या पुळणीत रुईच्या झुडपावर मी एक कोश पाहिला होता आणि तिथेच बसून वहीत रंगवला होता. प्लेन टायगर या नारिंगी-काळ्या फुलपाखराचा तो कोश. त्याची अळी रुईचा विषारी चीक असलेली पाने खाते, ते विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिच्या आणि पुढे फुलपाखराच्याही वाटेला फारसे जात नाहीत. तिचा कोश शेपटीच्या टोकाने उलटा लोंबतो आणि त्यावर खरोखरच सोनेरी ठिपके असतात. पुस्तकाचे काम करताना ती जुनी वही उघडली, तो कोश डोळ्यांना भावला आणि मी तो तसाच लिंबाच्या फांदीवर नेऊन लटकवला. अंडे कोणाचे, अळी कोणाची, फुलपाखरू कोणाचे, याची मी महिनोन्‌महिने खात्री करून घेतली होती. कोशाबाबत मात्र ‘कोश तो कोशच’ असे मी मनाशी गृहीत धरले होते. त्याला मी एका प्राण्याची एक अवस्था मानलेच नव्हते, केवळ दोन चित्रांमधला पडदा मानले होते.

मी वाचन तिथेच थांबवले आणि मुलांना विचारले, असा पट्टा बांधलेला कोश मला दाखवाल का? त्यानंतर पडवीत कोणी उरले नाही.

शाळेच्या मागे चिऱ्याने बांधलेली विहीर आहे आणि तिच्या कठड्याला लागून लिंबाचे एक जुने झाड आहे. मुलीने ओल्या फांद्या हाताने बाजूला सारल्या, काटे चुकवत आत वाकून पाहिले आणि एका कोवळ्या फांदीकडे बोट दाखवले. मला प्रथम काहीच दिसले नाही. मग पानांच्याच रंगाचा, थोडा बाक असलेला, बोटाच्या दीड पेराएवढा कोश नजरेत भरला. शेपटीचे टोक फांदीवरच्या रेशमाच्या छोट्या गादीत रुतलेले होते, डोके वर होते, आणि अंगाच्या साधारण मध्याच्या जरा वरून रेशमाचा एकच धागा फांदीपासून निघून पाठीवरून फिरून पुन्हा फांदीला मिळाला होता. त्या धाग्यावर भार टाकून कोश फांदीपासून मागे कललेला होता. चतुर्थीच्या आधी गावोगावी खांबांवर वीजवाहिन्या दुरुस्त करणारा वायरमन कमरेच्या पट्ट्यावर असाच मागे रेलतो. आठ वर्षांच्या मुलीने केलेल्या त्या वर्णनात बदलण्यासारखे मला काहीही सापडले नाही.

त्याच झाडावर, दोन फांद्या पलीकडे, अजून कोश न झालेली एक अळी होती. तिने खाणे सोडलेले होते. अंग आखडून ती कुबड काढल्यासारखी बसली होती आणि धागा तिच्या पाठीवरून गेलेलाही होता. हा धागा घालण्याचे काम ती डोके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेत, तोंडातून येणारे रेशीम पुन्हापुन्हा त्याच वाटेने ओढत करते. म्हणूनच दिसायला एक असलेला धागा बराच बळकट असतो. साधारण एक दिवस अशी बसून राहिली की तिची शेवटची कात फाटते आणि आत कोश तयार असतो. मी छत्री मानेत धरून दहा-पंधरा मिनिटे तिचे रेखाटन केले. मुले भोवती कोंडाळे करून उभी होती आणि कोणीही गडबड करत नव्हते.

ती अळी राणी पाकोळीचीच होती, असे मी ठामपणे लिहिणार नाही. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर तिच्या जवळच्या नात्यातली आणखीही फुलपाखरे वाढतात आणि त्यांच्या अळ्या एकमेकींसारख्या दिसतात. पण या साऱ्या नात्यागोत्यात कोश बांधण्याची रीत हीच आहे: डोके वर, कमरेला धागा. कोशाचा रंगही सोनेरी ठिपक्यांनी नटलेला नसतो. तो हिरव्या फांदीवर हिरवा, वाळक्या काटकीवर किंवा भिंतीवर तपकिरी होतो आणि भोवतालात मिसळून जातो. म्हणजे माझे सर्वांत देखणे पान सर्वांत खोटे होते.

परत फिरताना पहिलीतल्या एका मुलाने वाळलेला, करडा पडलेला एक कोश आणून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक होते. त्याने विचारले, “ह्या भोकातून फुलपाखरू कसा गेला?”

फुलपाखरू त्यातून गेले नव्हते. फुलपाखरू बाहेर पडते तेव्हा कोश पुढच्या बाजूने उकलतो. असे नेमके गोल भोक पाडतात त्या परजीवी गांधीलमाश्या. काही मिलिमीटर लांबीची मादी कोश नवा आणि मऊ असतानाच त्यात अंडी घालते, तिची पिल्ले आतले सगळे खाऊन वाढतात आणि एका फुलपाखराच्या जागी कितीतरी बारक्या माश्या त्या भोकातून उडून जातात. लिंबाची रोपे या अळ्यांपासून जपणाऱ्या बागायतदाराला त्या माश्या उपकारकच असतात. मी हे मुलाला जसेच्या तसे सांगितले. तो रडला नाही. त्याने भोकाला डोळा लावून आत पाहिले आणि कोश खिशात ठेवला.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी चहा दिला आणि मजकुराकडे बोट दाखवून विचारले, “आत ती झोपलेली असते का हो?” हा प्रश्न मला दुसरा धक्का देऊन गेला. कोशात झोप मुळीच नसते. अळीच्या शरीराचा मोठा भाग तिथे विरघळून जातो, आणि अळी असतानाच तिच्या अंगात पेशींचे जे बारीक पुंजके असतात, त्यांतून पंख, लांब पाय, सोंड आणि मोठे डोळे घडतात. पाने कुरतडणारे तोंड नाहीसे होऊन मध ओढणारे तोंड येते. तिच्या साऱ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम चालू असताना ती झोपली आहे असे मी लिहून ठेवले होते, केवळ ते वाक्य कानाला गोड लागते म्हणून.

संध्याकाळी मी प्रकाशकांना दूरध्वनी केला. चौदा आणि पंधरा ही दोन्ही पाने पुन्हा काढावी लागतील आणि त्याला तीन आठवडे लागतील, हे मी सांगितले. त्यांचे म्हणणे होते, की चित्र उत्तम आहे आणि पाच वर्षांच्या मुलाला कोश वर तोंड करतो की खाली, याने काय फरक पडणार. त्यांचा राग मी समजू शकते. वेळापत्रक त्यांचे कोलमडत होते, पैसा त्यांचा गुंतला होता. पण मी त्या दिवशी एका आठ वर्षांच्या मुलीसमोर खोटी ठरले होते, आणि ज्यांना हे ठाऊक नाही अशी हजार मुले त्या पानावर विश्वास ठेवणार होती. पुढे त्यांच्यातल्या एखाद्याने परसातल्या लिंबावर खरा कोश पाहिला असता, तरी त्याला तो ओळखू आला नसता. माझ्या सोनेरी ठिपक्यांनी त्याची नजर दुसरीकडे लावून दिली असती. मी हेच त्यांना सांगितले, पुष्कळ वेळ सांगितले, आणि अखेर ते राजी झाले.

सतराव्या शतकात मारिया सिबिला मेरियान ही जर्मन चित्रकार प्रत्येक अळी तिच्या स्वतःच्या झाडावर, तिच्याच कोशासह आणि तिच्याच फुलपाखरासह रंगवत असे. तिच्या अशा चित्रांचे पहिले पुस्तक १६७९ साली निघाले. तिने अळ्या घरात पाळल्या, वर्षानुवर्षे रोज पाहिल्या आणि मगच रंगवल्या. तिचे नाव मी व्याख्यानांमध्ये अनेकदा आदराने घेतले होते. पुढच्या तीन आठवड्यांत मी लिंबाची एक फांदी दोन अळ्यांसह जाळीच्या डब्यात ठेवली आणि तिच्याप्रमाणे फक्त पाहत बसले. दोनपैकी एकीने रात्री धागा घातला आणि मला तो दिसला नाही. दुसरीने दुपारी घातला. तेव्हा मी जेवण अर्धे सोडून डब्यासमोर बसले होते.

नवे चित्र घेऊन मी चतुर्थीच्या सुट्टीनंतर पुन्हा त्या शाळेत गेले. फांदी विहिरीवरच्या झाडाची होती, कोश हिरवा आणि मागे रेललेला होता, आणि मजकूर असा होता: “अळीने कमरेला धागा बांधला. आता आत मोठे काम सुरू झाले.” पानाच्या कोपऱ्यात, वाळक्या काटकीवर, बारीक भोक पडलेला एक तपकिरी कोश होता आणि त्याच्यावर उडणारी एक लहानशी माशी. त्याबद्दल मजकुरात मी एकही शब्द घातलेला नाही. ज्याला भोक दिसेल, तो विचारील.

मुलीने चित्र मांडीवर घेतले आणि बराच वेळ पाहिले. मग माझ्या हातातली पेन्सिल मागून घेतली आणि धाग्याच्या किंचित वर एक हलकी रेघ ओढली. “थोडो वर,” ती म्हणाली. मी वहीतले विहिरीपाशी केलेले रेखाटन उघडून शेजारी ठेवले आणि धाग्याची जागा मोजली. मग खोडरबर काढले.