बलूनच्या आकड्यांपायी पाच आठवडे

२० मे २०२०च्या दुपारी बंगळूर हादरलं तेव्हा मी तिथेच होतो. खिडक्या थरथरल्या, आधी भूकंपच वाटला. नंतर कळलं, हवाई दलाच्या चाचणी उड्डाणाची सॉनिक बूम, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाचा धमाका; विमान ३६ ते ४० हजार फुटांवर वेग उतरवत असताना झाली असावी. एम.टेक.च्या प्रोजेक्टला हीच बूम कॉम्प्युटरवर पुन्हा वाजवायचं ठरवलं.

रे ट्रेसिंगचा, म्हणजे ध्वनी हवेतून कुठल्या वाटांनी (किरणांनी) जातो ते काढण्याचा, कोड पंधरा दिवसांत झाला. वर उणे ५६ अंशांत ध्वनी सेकंदाला २९५ मीटर जातो, जमिनीलगत ३४०. त्यामुळे खाली येणारे किरण वर वळतात. वारा नसेल आणि विमान साधारण माक १.१५च्या (तिथल्या ध्वनिवेगाच्या १.१५ पटीच्या) खाली असेल, तर बूम जमिनीवर पोचतच नाही. वेग उतरवणारं विमान म्हणजे नेमकी हीच सीमारेषा. तिथे निकाल वाऱ्यावर, आणि वाऱ्याचे आकडे हवामान मोजायला वर सोडतात त्या बलूनचे.

त्यासाठी एका कार्यालयात अर्ज केला. ‘प्रयोजन’ या रकान्यात सरळ ‘सॉनिक बूम’ लिहिलं, हीच चूक. खिडकीमागच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला, संरक्षण खात्याची परवानगी लागेल का असं स्वतःलाच विचारलं आणि जेवायला गेले. (तुम्ही ‘ध्वनिप्रसाराचा अभ्यास’ लिहा.) पुढच्या खेपेला गाइडची सही होती, विभागाचा शिक्का नव्हता. मग शिक्का होता, साहेब रजेवर. पाचव्या आठवड्यात आकडे आले ते छापील कागद स्कॅन केलेली पीडीएफ! रात्रभर बसून एकेक ओळ हाताने टाइप केली. त्यात बलून पहाटे साडेपाचचं, बूम दुपारची. वरच्या थरांतली आर्द्रता कोरी. ती नसली की हवेतले ऑक्सिजन-नायट्रोजन बूमची धार (दाब किती झटकन चढतो ते) किती बोथट करतात ते काढता येत नाही, आणि कानाला आवाज किती मोठा लागेल ते त्या धारेवरच ठरतं. शेवटी तिथे अंदाजाने भरली.

हो, वाऱ्याची दिशा म्हणजे वारा येतो ती, जातो ती नव्हे. माझे किरण आठवडाभर उलटे धावत होते. वेगही नॉट्समध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांत असतो.

स्क्रीनवर बूमची ओळख असलेली, इंग्रजी ‘एन’सारखी दाबाची लाट उमटली त्याच संध्याकाळी एक सीनियर म्हणाला, ‘अरे, वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर बलूनचे आकडे फुकट मिळतात की!’ पडताळून पाहिले. तेच आकडे. फरक एकाच ओळीत. तिथे मी १चा ७ केला होता.