सेंट अँड्र्यूजचं गायरान: ओल्ड कोर्स रविवारी उलटा चालून पाहा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानाला ना भिंत आहे, ना फाटक. हे आधी वाचलं होतं, तरी डोळ्यांनी पाहिल्यावरच खरं वाटलं. आपल्याकडे गोल्फ म्हणजे उंच कुंपण, गेटवर वॉचमन आणि कुणा सभासदाची ओळख. इथे गावचा रस्ता संपतो तिथे हिरवळ सुरू होते. पंधराव्या शतकापासून या जागेवर गोल्फ चालू आहे, पण रविवारी खेळ बंद. मोठ्या स्पर्धांचे मोजके रविवार सोडले, तर त्या दिवशी मैदान गावाचं. कुत्र्यांना फिरवणारे, बाबागाड्या ढकलणारे, कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले आजी-आजोबा. याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: गायरान.

म्हणून माझा पहिला सल्ला: खेळायचं नसलं तरी जा, आणि रविवारीच जा. एडिंबराहून ॲबर्डीनच्या बाजूची गाडी पकडा. फोर्थच्या खाडीवरचा 1890 चा पूल ओलांडून तासाभरात लूकर्स येतं, तिथे उतरा. सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही, ती 1969 मध्येच बंद झाली. लूकर्सच्या स्टेशनाबाहेरून बस मिळते. एडिंबराच्या किल्ल्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली रेताड पट्टी म्हणजे लिंक्स. कोकणात पुळण आणि वाड्या यांच्यामध्ये, सुरूच्या बनाखाली जशी जमीन असते तशी. नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून ती गुरांना सोडलेली. सशांनी गवत कुरतडून आखूड ठेवलं. मेंढ्या वाऱ्याच्या आडोशाला बसून बसून खळगे पडले आणि तेच पुढे बंकर, म्हणजे खेळातले वाळूचे खड्डे, झाले, असं सांगतात. पावसाचं पाणी वाळूतून लगेच निचरतं, त्यामुळे जमीन कडक राहते आणि चेंडू पडल्यावर थांबत नाही, धावतो. आपल्याकडच्या मऊ ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) चेंडू उंच उडवून टाकायची सवय झालेला खेळाडू इथे फसतो तो यामुळेच. जाणकार तीस-तीस यार्डांवरूनही पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी, हातात घेतात.

हे गायरान फुकट टिकलेलं नाही. 1552 च्या सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टननी गावकऱ्यांचा इथे गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला होता. तरी 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने जमीन हातची घालवली आणि ती सशांचा धंदा करणाऱ्यांकडे गेली. मैदानभर बिळं झाली. गावकरी आणि व्यापारी यांच्यात पुढची वीसेक वर्षं भांडण चाललं. 1821 मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी जागा विकत घेतली, तेव्हा कुठे गोल्फ वाचला. 1894 मध्ये पार्लमेंटचा कायदा होऊन लिंक्स पुन्हा गावाच्या ताब्यात आली. आज जगभरचे लोक इथे येऊन भारावतात ते मोठमोठ्या विजेत्यांमुळे. मला मात्र या शंभर वर्षांच्या चिवटपणाचं जास्त कौतुक आहे.

आता चालायचं कसं ते. बहुतेक लोक पहिल्या टीवरून, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवरून, निघतात. तुम्ही अठराव्या, म्हणजे शेवटच्या, ग्रीनपासून उलटे निघा. कारण असं की पूर्वी हे मैदान आजच्या उलट दिशेनेही खेळलं जायचं. त्यामुळे आज काही बंकर टीवरून दिसतच नाहीत आणि ते तिथे का आहेत हेही कळत नाही. बाराव्या होलवर (होल म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा एक टप्पा) हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. टीवरून समोर मोकळी हिरवळ वाटते. ग्रीनवरून मागे वळून पाहा, फेअरवेच्या, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या हिरवळीच्या, मधोमध खड्डे तोंड वासून बसलेले असतात. मैदानावर एकूण 112 बंकर आहेत.

एखाद्या बंकरजवळ थांबून त्याची भिंत नीट पाहा (आत उतरू नका, ग्रीनवरही पाय देऊ नका). गवतासकट कापलेले मातीचे पट्टे एकावर एक रचलेले असतात, भाकऱ्यांची चवड असावी तसे, आणि वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित मागे. अशी भिंत नसेल तर कडा ढासळते आणि वारा वाळू उडवून नेतो. ऊन-वाऱ्याने थर सुकून झिजतात, म्हणून भिंत पुन्हा पुन्हा नव्याने रचावी लागते. चेंडू या भिंतीला चिकटून पडला तर पुढे मारायचा हट्ट सोडून बाजूला किंवा मागे काढायचा असतो. 1995 च्या ओपन स्पर्धेत चौदाव्या होलवरच्या हेल बंकरमधून बाहेर यायला जॅक निकलससारख्या दिग्गजाला चार फटके लागले आणि त्या होलवर एकूण दहा. सतराव्याच्या रोड बंकरने 1978 मध्ये जपानच्या नाकाजिमाला नऊ फटक्यांवर नेलं. त्याचा चेंडू ग्रीनवर आलेला होता, पटरनेच तो घरंगळत बंकरमध्ये गेला! बंकरच्या कडेला उभं राहिलात की जमिनीचा उतार चेंडूला तिकडेच कसा ओढतो ते दिसतं. पलीकडे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत आहे. तिथे गेलेला चेंडूही जिथे असेल तिथूनच मारावा लागतो.

मैदानावरच्या प्रसिद्ध स्विल्कन पुलावर मात्र माझी चिडचिड झाली. मेंढ्या नेण्यासाठी बांधलेला तो जेमतेम तीस फुटांचा दगडी पूल, आणि फोटोसाठी रांग. 2023 मध्ये पुलाच्या तोंडाशी फरशी बसवली होती, लोक इतके भडकले की लगेच उखडावी लागली. सकाळी लवकर जा, नाहीतर पूल सोडून द्या.

खेळायचंच असेल तर दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत सोडतीत नाव द्यावं लागतं, किमान दोघांचं. सोमवारसाठी शनिवारी. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूचं कसब सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो. 2024 च्या उन्हाळ्यात फी 320 पौंड होती, म्हणजे चौतीस हजार रुपयांच्या आसपास, आणि नंबर लागेलच असं नाही. म्हणून मुक्काम एका रात्रीचा ठेवू नका, तीन-चार दिवस हाताशी असू द्या. हिवाळ्यात फेअरवेवर छोटी चटई ठेवून त्यावरून मारावं लागतं, तेही लक्षात घ्या. उन्हाळ्यातही समुद्राकडून धुकं येतं, स्थानिक लोक त्याला हार म्हणतात, आणि ऊन असताना बघता बघता गारठा पडतो. वारा अडवणारं जाकीट हवंच.

आणि सोडतीत नंबर नाही लागला तर शेजारी हिमालयाज आहे. नावाप्रमाणे नुसते उंचवटे आणि घळी असलेलं पटिंगचं मैदान. बायकांना पूर्ण फटका मारणं शोभत नाही असं मानायच्या काळात, 1867 मध्ये, त्यांनी इथे स्वतःचा क्लब काढला. आज कुणीही थोडक्या पैशांत तिथे खेळू शकतं. पटर आणि चेंडू तिथेच मिळतात.