डासाच्या अँटेनातली प्रथिनं

आज दिवसभर बर्फावरच्या एडिस इजिप्ती जातीच्या डासांच्या माद्यांच्या अँटेना कापत बसले होते. सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक चिमट्याने. अँटेना म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा केसाळ धागा, जोरात श्वास सोडला तरी उडून जातो. एका नमुन्याला अशा शेकडो लागतात. मान पार अवघडली, पण उठावंसं वाटत नव्हतं.

आपल्या अंगाचे वास मादी टिपते ते मुख्यतः अँटेनावरच्या पोकळ केसांनी. केसांत द्रव असतो आणि त्यात वासाचे रेणू पकडणारी छोटी प्रथिनं, म्हणजे ओबीपी. ती शोधायची तर अँटेना कुटून प्रथिनं काढायची, रात्रभर ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकरात ठेवायची (ते लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशीच कापतं) आणि तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे. यंत्र तुकड्यांचं वस्तुमान मोजतं, त्यांना आणखी फोडून पुन्हा मोजतं. मग जनुकसंचाशी ताडून पाहिलं की कुठलं प्रथिन ते कळतं. या डासाचा जनुकसंच 2007 साली प्रसिद्ध झाला, नाहीतर ताडायचं कशाशी?

आरएनएवरून, म्हणजे जनुकाच्या नकलेवरून, जनुक चालू आहे एवढंच समजतं. प्रथिन खरंच तिथे आहे का, हे इथे दिसतं. म्हणून ही पद्धत मला इतकी आवडते.

आधीच्या नमुन्याचा निकाल सकाळीच आला. ओबीपी भरपूर! वास ओळखणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, मात्र पेशीपटलात रुतलेले आणि अगदी थोडे, ते सहजी हाती लागत नाहीत. शिवाय माणसाच्या त्वचेचं केराटिन, हातमोजे घालूनही हजर.

उद्या नर घेणार. ते रक्त पीतच नाहीत, त्यांच्या झुपकेदार अँटेनांत काय वेगळं निघतं ते बघायचंय.