इस्पिकची मेंढी

तान्हा पोळा. रात्रीचे साडेदहा.

लाईन आत्ता आली. पोरं झोपली. भांडी सकाळी घासीन, आधी हे लिहून काढते, नाहीतर मला झोप लागायची नाही.

सकाळ चांगली गेली. भाच्यानं लाकडी नंदी सजवून गावभर फिरवला, घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागितला. नागपूरचं पोर, पण इथल्या पोरांत अगदी मिसळून गेलं होतं. दुपारपासून मात्र झड लागली. संध्याकाळी लाईन गेली, तशी त्याची आई, माझी नणंद ताईच म्हणाली, "वहिनी, पत्ते काढ." छपरीत सतरंजी टाकली, चार्जिंगचा लाईट मधोमध ठेवला आणि मेंढीकोट मांडला. मेंढी म्हणजे दहाचं पान; चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट चढतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि भाचा एकीकडे, मी आणि हे दुसरीकडे.

पहिले दोन डाव आम्ही घेतले. आमच्या घरी हारलेल्यानंच पिसायचं, जिंकेपर्यंत पिसतच राहायचं. अकरा वर्षांच्या हातात बावन्न पानं मावत नाहीत, दोनदा सांडली. तेव्हाच त्याचा चेहरा उतरायला लागला होता.

तिसऱ्या डावात हुकूम बदाम. तीन मेंढ्या आमच्याकडे आलेल्या, इस्पिकची तेवढी बाकी. ती भाच्याकडे आहे हे मला केव्हाच कळलं होतं. कोणतंही पान टाकायचं असलं तरी त्याचा अंगठा त्या एका पत्त्यावर दाबून बसलेला असायचा. मामाजींनी इस्पिकचा एक्का उतरला. ह्यांनी पंजी टाकली. भाच्यानं लगेच एक्क्यावर मेंढी ठेवली. बरोबरच खेळला तो. भिडूचा एक्का पडल्यावर मेंढी घालायची नाही, तर कधी घालायची? शेवटचं पान माझं. माझं इस्पिक आधीच्या हातांतच संपलं होतं. बदामची दुर्री होती, ती मी टाकली.

चारही मेंढ्या आमच्या. कोट.

हे उठूनच उभे राहिले. "कोट चढला रे! भाच्याले कोट! टेलरले बोलवा, माप घ्या याचं!" आणि खरोखरच त्याच्या खांद्यावर वीत लावून मापं घ्यायला लागले. सगळे हसले. मीही हसले, हे लिहिलंच पाहिजे.

"मामीनं माझे पत्ते पाहिले!" असं ओरडून त्यानं हातातली पानं भिरकावली आणि सतरंजीवरचीही दोन्ही हातांनी उधळली. ताईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. आत्याबाई म्हणाल्या, "एवढा मोठा पोट्टा, अन् हारलं का रडते?" धाकट्या जावेच्या पोरी टाळ्या पिटत "चिडका बिब्बा, चिडका बिब्बा" करायला लागल्या. तो आत जाऊन धान्याच्या कोठीमागे बसला.

चिडका बिब्बा मलाही म्हणायचे. माहेरी दिवाळीत झब्बू चालायचा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शेवटपर्यंत माझ्याच हातात पत्ते उरले, तेव्हा मी डाव मोडला. त्यानंतर भाऊ येताजाता, पाहुण्यांसमोरसुद्धा, मला बिब्बा म्हणायचा. बिब्बा अंगाला लागला की तिथे उततो, फोड येतात, हे ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. हारल्याचं मी दुसऱ्या दिवशीच विसरले होते. त्या नावापायी मात्र लग्न होईपर्यंत पत्त्यांना हात लावला नाही. दिवाळीत सगळे ओसरीवर खेळायचे आणि मी आईबरोबर अनारसे थापायची. आईला वाटायचं, पोरगी कामाची आहे.

म्हणून आज मला सगळ्यात जास्त राग ह्यांचा आला. पोरानं पत्ते फेकले ते चुकलंच, त्याला कोणी बरोबर म्हणणार नाही. पण धपाटा त्याला, बोलणी त्याला, नाव त्याला. त्रेचाळीस वर्षांच्या माणसानं लेकराच्या अंगाचं माप काढलं, त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. हारणं पोरांना शिकवायला सगळे तयार असतात. जिंकल्यावर कसं बसावं, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकवल्याचं मला आठवत नाही. आणि हारणाऱ्याच्या निम्म्या रडीचं कारण समोरच्याचं दात काढणं असतं, हे मी अंगावरून गेलेलं सांगते आहे.

भाचा घरी मोबाइलवर रमी खेळतो म्हणे. तिथे हारलं की बोट लावायचं, नवा डाव सुरू. समोर कोणाचं तोंड नसतं. इथे एकदम आठ तोंडं हसली.

मामाजी कोणाशी काही बोलले नाहीत. पत्ते गोळा करून मोजले. एक्कावन्न भरले. डोक्यावर पोतं घेतलं, बॅटरी घेतली आणि बाहेर गेले. वळचणीखाली पागोळ्यांचं पाणी साचतं, तिथे सापडलं. इस्पिकची मेंढीच. दुपट्ट्यानं हळूहळू पुसली, मला म्हणाले, "सूनबाई, चुलीजवळ ठेवा, पण लय जवळ नको." मग सतरंजीवर बसून उरलेली पानं पिसायला लागले. समोर खेळायला कोणी उरलं नव्हतं.

"आता कायले पिसता, बाबा?" ह्यांनी विचारलं.

"हारलो तं पिसा लागते," एवढंच म्हणाले.

त्या पिसण्याच्या आवाजानंच असेल, थोड्या वेळानं भाचा बाहेर येऊन दाराशी टेकला. मामाजींनी त्याला जवळ बोलावलं नाही. पिसता पिसता गोष्ट सांगायला लागले. 1980 साली वानखेडेवर इंग्लंडची टेस्ट होती, गुंडाप्पा विश्वनाथ कॅप्टन. इंग्लंडची पाच माणसं साठाच्या आतच गेलेली. बॉब टेलरला अंपायरनं झेलबाद दिलं, तो निघालाही. विश्वनाथला वाटलं, बॅट लागलीच नाही. त्यानं अंपायरला सांगून त्याला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागीदारी केली.

"मंग आपण जिंकलो का?"

"नाई. दहा विकेटनं हारलो."

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग मामाजींच्या हातातून अर्धे पत्ते घेऊन तोही पिसायला लागला.

झोपायच्या आधी मी ह्यांना म्हटलं, "मापं घ्यायला नको होती." हे म्हणाले, "अगं, मजाक होती." मी म्हटलं, "त्याची नव्हती." पुढे मी बोलले नाही, ह्यांनीही कूस बदलली.

दुसरा दिवस. दुपार.

झड अजून चालूच आहे. दोन ओळी लिहिते, ताई उद्या निघणार, तिची बॅग भरायची आहे.

मेंढी वाळली, पण कागदी पत्ता तो, फुगून वाकडा झाला आणि एका कोपऱ्याचा पदर सुटला. मी म्हटलं, बाजारातून नवा कॅट आणू. मामाजी नको म्हणाले. जेवणं झाल्यावर ह्यांनीच सतरंजी टाकली आणि भाच्याला हाक मारली, "ये, मी पिसतो." काल जिंकलेला माणूस आज आपण होऊन पिसायला बसला. मला जे समजायचं ते समजलं.

चार डाव झाले. दोन त्यांचे, दोन आमचे. आता इस्पिकची मेंढी कोणाच्या हातात आली ते पाठीवरून सगळ्यांना दिसतं. कालची मी असते तर लगेच हिशोब मांडला असता. तिसऱ्या डावात ती माझ्याकडे आली. भाचा माझ्या शेजारीच बसतो. त्याची नजर एकदा वाकड्या पत्त्यावर गेली, एकदा माझ्याकडे आली आणि खाली आपल्या पानांत गेली. मग तो पानं लावत बसला, माझं पान पडेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.