काचेवर अंडी नाहीत, आतड्यात जंत

श्रावणातली गोष्ट. आजींनी टोपलीतून कुत्रीची तीन पिल्लं आणली आणि पोत्यात गुंडाळून चौथं, पहाटे मेलेलं. पाचवं आदल्या दिवशीच गेलं होतं. वय 16 दिवस. ‘‘डोळे उघडले तवर गुटगुटीत होती हो!’’

सगळ्यात मलूल पिल्लाच्या हिरड्या खडूसारख्या. थर्मामीटरला लागली तेवढीच शी मिळाली, काळी, डांबरासारखी. मिठाच्या संपृक्त पाण्यात 15 मिनिटं ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एकही अंडं नाही. इथेच फसायला होतं. हुकवर्म म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत. त्यांच्या अळ्या आईच्या दुधातून पोटात जातात आणि अंडी घालायला दोनेक आठवडे घेतात. रक्त मात्र त्याआधीच प्यायला लागतात.

म्हणून मेलेलं पिल्लू उघडलं. लहान आतड्यात सेंटीमीटरभर लांबीचे, राखाडी-लाल दोरे अस्तराला चिकटलेले, चिमट्याने ओढला की खाली रक्ताचा ठिपका. एक जंत दिवसाला 0.1 मिलीलीटरपर्यंत रक्त घालवतो. 600 ग्रॅमच्या पिल्लात रक्तच मुळी पन्नासेक मिलीलीटर. शंभर जंतांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ‘गोड खाल्लं म्हणून जंत’ हा समज इथे कुठे बसवायचा?

मलूल पिल्लाचं पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 11 टक्के. आधी कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीवर ऊब दिली. गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, फुप्फुसात जायचीही भीती. शेजारच्या धडधाकट कुत्र्याचं 12 मिलीलीटर रक्त, गोठू नये म्हणून सायट्रेटमध्ये घेतलं. शीर सापडेना, तेव्हा मांडीच्या हाडात सुई घालून चार तासांत सावकाश सोडलं.

औषध पायरँटेल, किलोला 5 मिलीग्रॅम. 600 ग्रॅमला 3 मिलीग्रॅम, म्हणजे 15 मिलीग्रॅम प्रति मिलीलीटरच्या औषधाचे 0.2 मिलीलीटर. सुई काढलेल्या, मिलीलीटरला 40 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर 8 रेघा. चमच्याने अंदाजे पाजू नये. बाकीच्या दोघांनाही वजनानुसार त्याच दिवशी. 18 किलोच्या आईला फेनबेंडाझोल हे जंताचं औषध 900 मिलीग्रॅम, रोज एकदा, तीन दिवस. तिच्या शीत अंडी भरपूर होती: पातळ कवचाची, आत पेशींचा घोस.

गोठ्यातली ओली माती अळ्यांना मानवते, म्हणून कुत्रीची जागा उन्हातल्या फरशीवर हलवायला सांगितली. दुधातून नव्या अळ्या येतच राहतात, एका डोसने भागत नाही. चौदाव्या दिवशी तिन्ही पिल्लं आली. मलूल होतं ते आता काट्यावर 900 ग्रॅम. 12 रेघा.