तेवीस रेघा

"झोप झाली नाही का रे तुझी?" एवढंच विचारलं बायकोने सकाळी. मी म्हणालो, "ऑफिसचं काम होतं." अडखळलोसुद्धा नाही. दिवसभर तेच सलतंय. काल रात्री फोनवर पॉर्न पाहिलं त्याहून जास्त हे, की खोटं इतकं सहज आलं.

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या रेघा होत्या, न पाहिलेल्या एकेका दिवसाची एक. पाचाचे चार गठ्ठे आणि वर तीन. आज सकाळी अंगठ्याने पुसल्या. नीट पुसल्याही गेल्या नाहीत, राखाडी डाग पडलाय. इतके दिवस निभावलं आणि एका रात्रीत सगळं मातीमोल. माझ्याच्याने होणारच नाही हे, असंच वाटत होतं दुपारपर्यंत.

झालं काय, तर गजराच्या घड्याळाचा सेल संपला. फोन रोज बाहेर चार्जिंगला असतो, काल गजरासाठी म्हणून उशाशी घेतला. त्यात संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि दादाचा फोन. तो विषय नको.

पण आता नीट आठवून पाहिलं तर पहिली वेळ दहाच मिनिटांची होती. फोन बाजूलाही ठेवला होता मी. मग मनात आलं, गेलेच ना तेवीस दिवस, आता काय उरलंय? तिथून पुढे तीन वाजले. म्हणजे दीड तास खाल्ला तो त्या लाजेने. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनांबद्दल हेच मांडलं होतं: एकदा घसरण्यापेक्षा 'आता सगळं बुडालंच' हा विचार माणसाला जास्त खोल नेतो. वाचलं होतं मी. वेळेला आठवलं नाही.

त्याचीच दुसरी गोष्ट मात्र उपयोगी पडली होती. ऊर्मी आली की तिच्याशी झुंजायचं नाही, ती अंगात कुठे जाणवते ते बघत राहायचं, लाटेसारखी चढते आणि ओसरते. नवव्या दिवशी गार फरशीवर पाय टेकून बसलो होतो. घशाशी काहीतरी घट्ट, तळवे गरम. वीसेक मिनिटांत सैल झालं. ते माझ्या हातून झालंय, हे पुसता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लैंगिक वर्तनावर ताबा न राहणं हा विकार आहे, पण व्यसनांमध्ये नाही, आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये. आणि निव्वळ अपराधी वाटतंय एवढ्यावरून निदान करायचं नाही, असंही त्यात आहे. हे वाचून मला रडू आलं होतं. मी कायम लाजेनेच मोजत आलो. किती वेळ गेला, झोप किती गेली, तिच्याशी बोलायचं किती टाळलं, हे मोजलंच नाही.

आत्ता रेघा परत काढल्या. तेवीस, मग बोटभर जागा मोकळी, मग एक.

सेल आणलाय. फोन बाहेर ठेवून आलो. जेवलोही वेळेवर.

ती झोपलीये. उद्या पुन्हा विचारलं तर काम होतं म्हणणार नाही. काय म्हणेन, ते अजून सुचत नाहीये. "झोप झाली नाही," एवढं तरी.