एका रात्रीत चार केसपेपर

काकाजींचा ट्रॅक्टर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पलटला तो मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी. सोयाबीन निघालं होतं, चण्यासाठी वावर तयार करणं सुरू होतं. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, मी कृषी केंद्रावर बसून होतो आणि बाजूच्या वावरातला पोरगा फोनवर नुसता ओरडून राहिला होता, "भाऊ लवकर या, काकाजी ट्रॅक्टरखाली आले." चाक कमरेवरून गेलं होतं. बाहेर रक्त फारसं नव्हतं म्हणून आम्हाला वाटलं वाचलो, आणि तिथंच आम्ही चुकलो, कारण कमरेचं हाड फुटलं की रक्त आतल्या आत सांडतं आणि माणूस बोलता बोलता थंडा पडत जातो.

108 ला फोन लावला तर गाडी दुसऱ्या केसवर गेलेली. मंग पिकअपमधे गादी टाकली, पांदणीतून हळूहळू काढली, पावसाळ्यात पडलेले खड्डे तसेच, प्रत्येक खड्ड्याला काकाजी "अरे बापा" म्हणायचे, नंतर नंतर तेही म्हणेनात.

पहिले पीएचसी. सिस्टरनं सलाईन लावली, बीपी पाहिला, चिठ्ठी लिहिली, रेफर. तिला काय बोलणार, तिच्याजवळ अजून काही नव्हतंच. मंग तालुक्याचं हॉस्पिटल, नवा केसपेपर, डॉक्टर होते पण एक्सरेवाला घरी गेलेला, त्याला बोलावून एक्सरे निघेपर्यंत पाऊण तास, आणि एक्सरे पाहून पुन्हा तेच, जिल्ह्याला न्या. जिल्ह्याला तिसरा केसपेपर. तिथं मात्र रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, कमरेला चादर आवळून बांधली, काकाजींनी डोळे उघडून पाणी मागितलं. पण हाडाचे डॉक्टर म्हणाले हे ऑपरेशन इथं होत नाही, नागपूर. नागपूरला पोचलो तेव्हा रात्रीचे पावणेदोन. आमच्या गावाहून नागपूर सरळ गेलं तर दोन-सव्वादोन तास, आम्हाला सव्वाआठ लागले. तिथल्या जवान डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "डायरेक्ट का नाही आणलं?"

त्या रात्री झोप तर लागणार नव्हतीच, वऱ्हांड्यात चादर टाकून फोनवर वाचत बसलो की बाकीच्या देशात असा माणूस कुठं नेतात. मला वाटलं होतं मशिनी, हेलिकॉप्टर, पैसा असंच सगळं असेल. ते आहेच. म्युनिकमधे 1970 पासून पिवळं हेलिकॉप्टर डॉक्टरला घेऊन अपघाताच्या जागेवर उतरते, अमेरिकेत बाल्टिमोरला काउली नावाच्या सर्जननं पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून जखमी आणायला सुरुवात केली, गोल्डन अवर, म्हणजे जखमेनंतरचा पहिला मोलाचा तास, हा शब्दही त्याचाच. पण मला खरं थांबवलं ते इंग्लंडनं. तिथंही पहिले आपल्यासारखंच होतं, जे जवळ ते हॉस्पिटल. 2012 मधे त्यांनी देशभर ठरवून टाकलं की मोठ्या जखमांसाठी अमुकच हॉस्पिटलं, आणि ॲम्ब्युलन्सवाल्याच्या हातात एक यादी दिली, बीपी किती, शुद्ध आहे का, कोणतं हाड, कसा पडला. यादीत बसला आणि मोठं सेंटर साधारण 45 मिनिटांच्या आत असलं तर रस्त्यातलं जवळचं हॉस्पिटल सोडून गाडी पुढं जाते. सोडून! आमच्याकडे असं केलं तर लोक गाडी अडवतील. आणि गाडी निघतानाच फोन जातो, पोचेपर्यंत सर्जन, भूलवाले, रक्त सगळे दारात.

म्हणजे निर्णय पेशंट पडायच्या आधीच झालेला असतो. आमचा निर्णय चार ठिकाणी, चार वेळा, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून.

गंमत पहा, डॉक्टर गाडीत पाठवायचा हा प्रकार जर्मनी-फ्रान्सचा, अमेरिकेत गाडीत पॅरामेडिक असतो, डॉक्टर नाही पण तातडीच्या उपचाराचं शिकलेला माणूस, आणि तो लवकरात लवकर हॉस्पिटलला पळवतो. आपल्या महाराष्ट्राची 108 सुरू झाली 2014 मधे, 937 गाड्या, त्यात डॉक्टर. म्हणजे कागदावर आपण जर्मनीच्या रांगेत! फक्त तो डॉक्टर पेशंट घेऊन जाणार कुठं हे आमच्या वेळी तरी आधी कोणी ठरवलेलं दिसलं नाही.

आणि त्या जवान डॉक्टरचंही पूर्ण खरं नाही. डायरेक्ट आणलं असतं तर दोन तास रक्ताशिवाय, काकाजी रस्त्यातच गेले असते असं मला वाटते. 45 मिनिटांचा नियम आमच्या भागात चालणारच नाही, 45 मिनिटांत आम्ही तालुक्याला पोचतो. आमच्यासाठी बरोबर काय होतं तर मधली दोन दारं सोडायची, जिथं रक्त आहे तिथं थांबायचं आणि तेव्हाच नागपूरला फोन करून ठेवायचा. ट्रॅनेक्सा नावाचं एक इंजेक्शन आहे, रक्त थांबवायचं, स्वस्त, पाळीच्या त्रासातही तेच औषध देतात. 2010 मधे वीस हजारांवर जखमींवर केलेला मोठा अभ्यास आला, 40 देशांतले पेशंट, त्याच्याच आकड्यांतून पुढच्या वर्षी दिसलं की पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात, उशिरा दिलं तर उलटू शकते. ते मी नागपूरला विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "आता नाही देत, टाइम गेला." आमचे तीन तास तालुक्याच्या बाकड्यावर एक्सरेवाल्याची वाट पाहण्यातच संपत आले होते.

पैशाचंही सांगतो. 2025 च्या मे महिन्यात केंद्राची कॅशलेस योजना आली, अपघातवाल्याला सात दिवस, दीड लाखापर्यंत. चांगली आहे, पण ती रस्त्यावरच्या अपघाताची. काकाजी पलटले धुऱ्यावर. भाऊजी म्हणाले, "अजून वीस फूट पुढं पांदणीत पलटवाले पाहिजे होता न ट्रॅक्टर." काकू रडता रडता हसली.

काकाजी आता काठी घेऊन वावरात जातात, डावा पाय आखूड पडला. ऑपरेशन दोन झाले. प्लेटा आत आहेत, थंडी पडली की त्याच्यावर बोलतात. मी त्यांची फाईल दुकानातच ठेवली, फॉलोअपला तीच लागते. त्या रात्रीचे चारही केसपेपर त्यात आहेत. एकावर वय 58, एकावर 65, एकावर 60, नागपूरच्या कागदावर 56, नावाचं स्पेलिंग तीन प्रकारे, रक्तगट फक्त जिल्ह्याच्या कागदावर, म्हणून नागपूरला पुन्हा तपासला. परवा काकाजींनी चष्मा लावून सगळे पाहिले आणि म्हणाले, "यातलं एकही वय माहं नाही बे."